बिअर आंबट का होते हे शोधताना लुई पाश्चरने जगाला भांडी धुवायला शिकवलं

मुदखेडहून आदिलाबादकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर नांदेड जिल्ह्यातलं हिमायतनगर लागतं. जुनं नाव वाढोणा, परमेश्वराच्या मंदिरामुळे पंचक्रोशीत ओळखलं जाणारं. इथून तेलंगणाची हद्द काही लांब नाही आणि या सगळ्या सीमाभागात शिंदी आणि ताडी हा काही नवा विषय नाही.

झाडाला मडकं बांधायचं, रात्रभर त्यात रस ठिबकत राहतो. पहाटे उतरवला तर गोड पाण्यासारखा लागतो. ऊन चढलं की फेस येतो, दुपारी तो चढायला लागतो आणि आणखी ठेवला तर आंबट ढाण होतो. त्यात वरून काही टाकायची गरज नसते. निम्मं काम मडकंच करतं. कालच्या रसाचा अंश त्याच्या बारीक छिद्रांत बसलेला असतो, तो आजच्या रसाला लागतो. म्हणून ज्यांना नीरा नीराच ठेवायची असते ते मडक्याला आतून चुना लावतात.

ज्यांचा शिंदीशी संबंध नाही त्यांच्याही घरात हा प्रकार रोज घडतो. दुधाचं पातेलं नीट घासलं नाही की दूध नासतं आणि बोलणी कुणाला तरी बसतात.

भांड्यात काहीतरी उरतं आणि ते पुढचा माल बिघडवतं, हे माणसाला हजारो वर्षं माहिती होतं. पण ते काहीतरी म्हणजे नेमकं काय? याचं उत्तर दिलं लुई पाश्चरने. आपल्याला पाश्चर माहिती असतो तो दुधाच्या पिशवीवरच्या पाश्चराइज्ड या शब्दामुळे किंवा पिसाळलेल्या कुत्र्याच्या लशीमुळे. त्याने आयुष्यातली काही वर्षं बिअरवर घालवली, हे फारसं कुणी सांगत नाही.

पाश्चरचा जन्म २७ डिसेंबर १८२२ चा, फ्रान्समधल्या डोल गावातला. वडील नेपोलियनच्या सैन्यात होते, नंतर कातडी कमावण्याचा धंदा करायचे. पोराचं बालपण आर्ब्वा नावाच्या गावात गेलं. हा सगळा भाग द्राक्षांचा आणि वाइनचा. शाळेत पाश्चर काही फार चमकत नव्हता, पण चित्रं सुंदर काढायचा. आईवडिलांची आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची त्याने काढलेली पोर्ट्रेट आजही जपून ठेवली आहेत. निरीक्षणाची ही सवय पुढे कामाला आली.

पॅरिसच्या एकोल नॉर्मालमध्ये शिकून तो रसायनशास्त्रज्ञ झाला आणि १८४८ मध्ये, वयाच्या पंचविशीत, त्याने पहिला मोठा शोध लावला. तो होता टार्टारिक आम्लाच्या स्फटिकांबद्दल. वाइनच्या पिंपात आतून एक कडक खपली बसते, तिच्यातून हे आम्ल मिळतं. त्याच्याच एका प्रकाराचे स्फटिक पाश्चरने भिंगाखाली निवडले, तर त्यात डाव्या आणि उजव्या हातासारख्या दोन जाती निघाल्या, एकमेकींचं आरशातलं प्रतिबिंब. रसायनशास्त्राची एक नवी शाखाच यातून उभी राहिली. म्हणजे या माणसाच्या करिअरची सुरुवातच पिंपाला चिकटलेल्या खपलीपासून झाली.

१८४९ मध्ये त्याचं मारी लोराँशी लग्न झालं. मारी पुढे त्याची लेखनिक झाली, प्रयोगांची नोंद ठेवणारी झाली आणि त्याच्या तऱ्हेवाईकपणाची साक्षीदारही झाली.

१८५४ मध्ये पाश्चर लील शहरात विज्ञान शाखेचा प्रमुख म्हणून आला. लील म्हणजे कारखान्यांचं गाव, बिटापासून अल्कोहोल काढणारे बरेच होते. १८५६ मध्ये बिगो नावाचे एक कारखानदार त्याच्याकडे आले. त्यांचा मुलगा पाश्चरचा विद्यार्थी होता. त्यांची अडचण अशी होती की काही टाक्यांत अल्कोहोल नीट तयार व्हायचं आणि काही टाक्यांतला माल आंबून वाया जायचा. कच्चा माल तोच, कामगार तेच.

पाश्चर कारखान्यात गेला, दोन्ही प्रकारच्या टाक्यांतलं पाणी घेतलं आणि मायक्रोस्कोपखाली ठेवलं. चांगल्या टाकीत यीस्टच्या गोल गोल पेशी दिसल्या. बिघडलेल्या टाकीत त्यांच्यापेक्षा कितीतरी लहान, काड्यांसारखे जीव वळवळत होते.

त्या काळातले मोठमोठे रसायनशास्त्रज्ञ, विशेषतः जर्मनीचा लिबिग, आंबणं ही निव्वळ रासायनिक प्रक्रिया मानत होते. यीस्ट दिसतं, पण ते कुजणारा गाळ आहे, अशी समजूत होती. पाश्चरचं म्हणणं उलट होतं. यीस्ट जिवंत आहे, साखर खाऊन तेच अल्कोहोल बनवतं, आणि दुसरा जीव घुसला की दुसरंच काहीतरी बनतं. १८५७ मध्ये त्याने दूध आंबवणाऱ्या जंतूंवरचा निबंध मांडला. आज आपल्याला हे शाळेत शिकवतात म्हणून साधं वाटतं, पण तेव्हा त्यासाठी त्याला वर्षानुवर्षं भांडावं लागलं.

पुढचा प्रश्न होता की हे जीव येतात कुठून. सडक्या पदार्थात ते आपोआप जन्मतात, असं मानणारा मोठा गट होता. पाश्चरने काचेच्या चंबूची मान तापवून हंसाच्या मानेसारखी वाकवली. आत पोषक द्रव भरून उकळला आणि तसाच ठेवून दिला. हवा आत जात होती, पण धूळ त्या वळणावर अडकत होती. द्रव महिनोन् महिने बिघडला नाही. मान तोडली की काही दिवसांत गढूळ. १८६४ मध्ये सॉर्बोनमध्ये भरगच्च सभागृहासमोर त्याने हे सगळं मांडलं.

याच सुमारास नेपोलियन तिसरा याने वाइन का बिघडते हे शोधायचं काम त्याच्यावर सोपवलं. पाश्चरने तोडगा काढला की वाइन हवा न लागू देता ५० ते ६० अंशांपर्यंत तापवायची. चव फारशी बदलत नाही आणि बिघडवणारे जंतू मरतात. हेच ते पाश्चरायझेशन. ते आधी वाइनसाठी आलं, दुधाचा नंबर खूप नंतर लागला.

इथपर्यंत ही एका यशस्वी शास्त्रज्ञाची गोष्ट वाटते. पण घरात काय चाललं होतं?

१८५९ मध्ये त्याची थोरली मुलगी जान टायफॉइडने गेली. ती नऊ वर्षांची होती. १८६५ मध्ये दोन वर्षांची कामीय गेली आणि त्याच वर्षी वडीलही वारले. १८६६ मध्ये बारा वर्षांची सेसील टायफॉइडनेच दगावली. पाच मुलांपैकी तीन मुली गेल्या. टायफॉइड घाणेरड्या पाण्यातून आणि अन्नातून पसरणाऱ्या जंतूमुळे होतो, हे तेव्हा कुणालाच माहिती नव्हतं. तो जंतू पहिल्यांदा दिसला १८८० मध्ये. द्रवात शिरलेला न दिसणारा जीव तो द्रव बिघडवतो, हे सिद्ध करणाऱ्या माणसाच्या दोन मुली तशाच न दिसणाऱ्या जीवाने नेल्या. रोगांकडे तो पुढे वळला त्यामागे ही जखम नसेल असं मानणं कठीण आहे.

ऑक्टोबर १८६८ मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, पाश्चरला पक्षाघाताचा झटका आला. डावी बाजू लुळी पडली. पुढचं आयुष्य त्याने ओढत चालणाऱ्या पायाने आणि निकामी डाव्या हाताने काढलं. बारीक कामं सहकारी करायचे, डोकं आणि डोळे त्याचे.

त्यातून सावरतो न सावरतो तोच १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं. एकुलता एक मुलगा जाँ-बाप्तिस्त सैन्यात होता. जानेवारी १८७१ मध्ये फ्रेंच फौजेची एक तुकडी बर्फातून माघार घेत होती आणि मुलाचा काहीच पत्ता नव्हता. तेव्हा पाश्चर बायको आणि मुलीला घेऊन मोडक्या घोडागाडीतून त्याला शोधायला निघाला. पोंतार्लिये गावाजवळ, हरलेल्या आणि गारठलेल्या सैनिकांच्या गर्दीत पोरगा सापडला. जिवंत.

फ्रान्स युद्ध हरलं. पाश्चरचा राग इतका की जर्मनीतल्या बॉन विद्यापीठाने दिलेली मानद पदवी त्याने परत पाठवली. पण रागाचं करायचं काय? एक पाय ओढत चालणारा पन्नाशीला टेकलेला प्राध्यापक बंदूक तर घेऊ शकत नव्हता. त्याने बिअर घेतली.

त्या काळात बिअर म्हटलं की जर्मनीच. फ्रेंच बिअर तिच्यापुढे फिकी, वर टिकायची नाही. जर्मनीला तिच्याच धंद्यात मागे टाकायचं, असं पाश्चरने मनावर घेतलं आणि त्या बिअरला नावही राष्ट्रीय सूडाची बिअर असं दिलं. गंमत म्हणजे त्याला स्वतःला बिअरची फारशी आवड नव्हती. चवीसाठी त्याला बेर्ताँ या मित्रावर अवलंबून राहावं लागायचं आणि बेर्ताँ मात्र सिद्धांत बाजूला ठेवून आधी चांगली बिअर बनव म्हणून त्याच्या मागे लागायचा.

१८७१ च्या वसंतात पॅरिसमध्ये कम्यूनचा उठाव चालू होता. पाश्चर क्लेरमाँ-फेराँला आपला शिष्य एमिल द्यूक्लो याच्याकडे राहिला. जवळच शामालिएरमध्ये एक छोटी बिअर भट्टी होती, तिथे त्याने काम सुरू केलं. सप्टेंबरमध्ये तो लंडनला व्हिटब्रेडच्या प्रचंड कारखान्यात गेला. तिथल्या पोर्टर बिअरचं यीस्ट मायक्रोस्कोपखाली ठेवलं आणि सरळ सांगितलं की यात नको ते जंतू आहेत, ही बिअर बिघडत असणार. मालक मंडळींना आधी ते रुचलं नाही. मग त्यांनी कबूल केलं की तक्रारी येत होत्या आणि त्याच दिवशी दुसऱ्या कारखान्यातून नवं यीस्ट मागवलं होतं. आठवड्याभराने पाश्चर पुन्हा गेला तेव्हा कारखान्याने स्वतःचा मायक्रोस्कोप विकत घेतला होता.

या कामाचं पुस्तक १८७६ मध्ये आलं. त्याचा गाभा असा. बिअर बनवताना माल्टचा काढा हॉप्ससोबत उकळतात. उकळल्यावर बहुतेक जंतू मेलेले असतात. म्हणजे बिघाड होतो तो त्यानंतर. काढा उघड्या हौदात थंड होताना हवेतून जंतू पडतात, यीस्टसोबत लपून येतात किंवा टाकी, नळी, पिंप यांच्या अंगाला बसून वाट बघत असतात. आंबट बिअरचा जंतू वेगळा, बुळबुळीत होणाऱ्या बिअरचा वेगळा. बिअर बिघडणं हा योगायोग किंवा नशिबाचा भाग उरला नाही.

तोपर्यंत पिंप धुतलं जायचं ते डोळ्यांना दिसणारी घाण जावी म्हणून. पाश्चरनंतर न दिसणारी घाणही धुवायची असते हे कळलं. आज जगात कुठेही केग, म्हणजे बिअरचं स्टीलचं पिंप, रिकामं झाल्यावर ज्या पद्धतीने धुतात तिच्यामागचा विचार हाच आहे.

आधी पिंपातला दाब सोडायचा, मगच झाकण उघडायचं. घाई केली तर झाकण तोंडावर उडू शकतं. तळाला यीस्टचा गाळ असतो, तो ओला असतानाच पाण्याने काढायचा, वाळला की सिमेंट होतो. मग गरम पाण्यात अल्कलीचं क्लीनर, कारखान्यात कॉस्टिक तर लहान प्रमाणावर परकार्बोनेटसारखी सौम्य पावडर. प्रथिनं, यीस्ट आणि हॉप्सचा चिकट राळेसारखा अंश त्यात सुटतो. भांडी घासायचा साबण इथे चालत नाही, कारण त्याचा पातळ थर राहतो आणि बिअरचा फेस बसतो. स्टीलवर ब्लीचिंगचं पाणीही नको, क्लोरीन स्टीलला बारीक खड्डे पाडतं आणि त्या खड्ड्यांत जंतूंना कायमचं घर मिळतं. ब्लीच आणि आम्ल एकत्र आले तर विषारी वायू सुटतो, तो धोका वेगळाच.

काही फेऱ्यांनंतर पिंपाला आतून एक पांढरट-पिवळट खर बसते. धंद्यात तिला बिअर स्टोन म्हणतात, ती मुख्यतः कॅल्शियम ऑक्झलेटची असते. अल्कलीने ती जात नाही, तिला आम्लाने काढावं लागतं. पाश्चरने पंचविशीत अभ्यासलेल्या वाइनच्या खपलीची ही चुलत बहीणच म्हणायची.

एवढं झाल्यावर शेवटी निर्जंतुक करायचं. ही पायरी अनेकजण पहिली करतात आणि फसतात. थर तसाच ठेवून वरून कितीही सॅनिटायझर ओता, थराखालचे जंतू सुखरूप राहतात. पिंपाच्या तोंडाशी आणि व्हॉल्व्हमध्ये रबराच्या चकत्या असतात, त्या काढून वेगळ्या धुवायच्या. रबर वास धरून ठेवतं, त्यामुळे जुन्या चकत्या बदललेल्या बऱ्या. पुढची बिअर भरायला वेळ असेल तर पिंप पूर्ण कोरडं करून उपडं ठेवायचं, किंवा निर्जंतुक करून कार्बन डायऑक्साइड भरून बंद करायचं. दुसऱ्या पद्धतीचा फायदा असा की काही दिवसांनी दाब उतरलेला दिसला तर पिंप कुठेतरी गळतंय हे बिअर भरायच्या आधीच कळतं.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते पिंपापासून नळापर्यंतच्या नळीकडे. ती लांब, बारीक आणि आतून न दिसणारी. पबमध्ये पिचरमधून मिळणारी ताजी बिअर बहुतेक वेळा पाश्चराइज्ड नसते, त्यामुळे नळीतले जंतू तिला लगेच पकडतात. दर दोन आठवड्यांनी नळी अल्कलीने फिरवून धुवावी आणि नळ खोलून साफ करावा, हा जगभरातला सर्वसाधारण नियम आहे. वापर थांबणार असेल तर नळी धुऊन, रिकामी करून, सुकवून लटकवायची. बिअरला लोण्यासारखा किंवा व्हिनेगरसारखा वास आला तर कंपनीला शिव्या देण्याआधी नळीवर संशय घ्यायला हरकत नाही.

पुण्यात २००९ मध्ये दूलाली सुरू झाल्यापासून महाराष्ट्रात स्वतः बिअर बनवणाऱ्या पबची संख्या वाढली आणि घरी बनवून बघू असं वाटणारेही वाढले. त्यांच्या माहितीसाठी, १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे, मग ते मोहाचं असो की माल्टचं.

पाश्चरचं सगळंच बरोबर होतं असं नाही. यीस्ट शुद्ध करायला तो टार्टारिक आम्ल वापरायला सांगायचा. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग कारखान्याच्या प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सनने दाखवलं की या पद्धतीने जंतू कमी होतात, पण रानटी जातीचं यीस्ट उलट जोर धरतं. १८८३ मध्ये हान्सनने एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं आणि कार्ल्सबर्गचे मालक जाकोबसन यांनी ते इतर कारखान्यांनाही देऊन टाकलं. हे जाकोबसन पाश्चरचे चाहते होते. सूडाच्या बिअरने जर्मनी काही हरली नाही, पण तिच्यामागचं शास्त्र सगळ्यांनी घेतलं, जर्मनांनीसुद्धा.

पाश्चर स्वभावाने हट्टी होता आणि श्रेयाच्या बाबतीत हात आखडता ठेवायचा. १८८१ मध्ये मेंढ्यांवरच्या अँथ्रॅक्स लशीचा त्याचा जाहीर प्रयोग गाजला. पण त्यात वापरलेली लस त्याने लोकांना भासवलेल्या पद्धतीची नव्हती, सहकारी शांबरलाँच्या रासायनिक पद्धतीची होती. शंभरेक वर्षांनी त्याच्या खासगी वह्या अभ्यासल्या गेल्या तेव्हा हे नीट बाहेर आलं. ६ जुलै १८८५ रोजी नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला दिलेली रेबीजची लस तर सगळ्यांना माहिती आहे. तो मुलगा वाचला, देणग्यांचा ओघ लागला आणि १८८८ मध्ये पाश्चर इन्स्टिट्यूट उभी राहिली.

उतारवयात तो जेवायला बसला की ताट आणि ग्लास पुसून घ्यायचा, पाव कुस्करून त्यात काही आहे का बघायचा आणि हस्तांदोलन टाळायचा, असं सांगतात. लोक हसायचे. २८ सप्टेंबर १८९५ रोजी पॅरिसजवळ त्याचं निधन झालं. त्याची समाधी त्याच्याच संस्थेच्या तळघरात आहे.

त्याने शिकवलेल्या स्वच्छतेची एक किंमतही आहे आणि ती मराठवाड्याला चांगली ठाऊक आहे. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज आणि चिकलठाणा भागात बिअरचे मोठे कारखाने आहेत, हान्सनच्या कार्ल्सबर्गचाही त्यात आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागत होतं. तेव्हा या कारखान्यांच्या पाण्याचा मुद्दा उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेला आणि मद्य कारखान्यांच्या पाण्यात ६० टक्क्यांपर्यंत कपातीचा आदेश निघाला. बाटलीत जातं त्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी बिअरला लागतं. एका लिटरमागे साधारण चार ते सहा लिटर, काटकसर करणाऱ्या कारखान्यात तीनच्या आसपास. यातलं बरंचसं टाक्या, नळ्या आणि बाटल्या धुण्यात जातं.

धुणं टाळता येत नाही, टाळलं तर बिगोंच्या टाक्यांसारखी गत होते. म्हणून मग पाणी फिरवून वापरलं जातं. शेवटच्या खळखळीचं पाणी जवळपास स्वच्छच असतं, ते वेगळ्या टाकीत साठवतात आणि पुढच्या वेळी पहिल्या खळखळीला वापरतात. अल्कलीचं पाणीही एकदा वापरून ओतून देत नाहीत, त्याची तीव्रता मोजून पुन्हा चालवतात. शेवटची खळखळ मात्र दर वेळी ताज्या पाण्याचीच लागते.